जमल्यास

२ फेब्रुवारी

आज माझ्यावर झालेल्या अन्यायाची दखल मानवजातीचा इतिहास घेणार नाही, म्हणून मीच ती इथे घेऊन ठेवतो.

सकाळी वसाहतीच्या समितीने फोनवरच्या गटात एक ठराव टाकला. विषय: कचऱ्याच्या पिंपांना हिरव्याऐवजी निळा रंग देणे. लांबी: तीन पानं. मी चहा बाजूला सारला, शब्द निवडले आणि उत्तरादाखल एकच वाक्य लिहिलं. "असल्या गोष्टी जन्माला घालण्याआधी माणसाने जरा विचार करावा." बाणासारखं वाक्य. सोडलं. आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं, जे हल्ली आमच्या वसाहतीचं बोधचिन्ह झालंय. चहा निवला, आंघोळ झाली, वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीसुद्धा वाचून झाल्या. बाण धनुष्यावरच.

सुटला तो दुपारी. दरम्यान मुख्याध्यापकांनी (शाळेतून निवृत्त झाले, समितीच्या अध्यक्षपदावरून होत नाहीत) शहरातल्या इस्पितळातून गटावर बातमी टाकली होती, फोटोसकट: नात झाली. माझं वाक्य बरोबर तिच्याखाली जाऊन बसलं.

संध्याकाळी दुकानात, जिन्यात, फाटकापाशी, जो भेटेल तो विचारतोय, तुम्हाला लहान मुलांचं एवढं वावडं का म्हणून. मुख्याध्यापकांनी काहीच विचारलं नाही. त्यांनी माझ्या वाक्याखाली फक्त "आभार" लिहिलं आणि पुढे पूर्णविराम दिला. आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासलेल्या माणसाचा पूर्णविराम तो. लागायचा तिथे लागला.

दोष कोणाचा ते शोधून काढणार. आणि सापडला की सोडणार नाही.

५ फेब्रुवारी, रविवार

चिडलेल्या माणसाने पहिल्यापासून सांगावं.

आमची वसाहत एका जुन्या दगडखाणीच्या पोटात आहे. बांधणाऱ्याने जाहिरातीत 'निसर्गाच्या कुशीत' म्हटलं होतं. कुशीत शिरल्यावर बाहेरचं काही ऐकू येत नाही, हे त्याने छापलं नाही. मोबाइलला सिग्नल थेट नदीवरच्या पुलावर. केबल टाकणाऱ्या कंपनीने पत्र पाठवून कळवलं की इतक्या थोड्या घरांसाठी इतका खडक फोडणं परवडत नाही. मी टेलिफोन खात्यातून मुदतीआधी बाहेर पडलेला माणूस. मला खडकाचं काय सांगता? दरीपलीकडच्या टेकडीवर टॉवर आहे. माझ्या गच्चीवरून तो नुसत्या डोळ्यांना दिसतो, आणि नजर जिथे पोचते तिथे लहरी पोचतात. गच्चीवर एक थाळी बसवली, टॉवरकडे तोंड करून. तिथून घरोघर तारा ओढल्या. जिन्याखाली एक लहानसा संगणक ठेवला. त्याला सगळे डबा म्हणतात. वसाहतीतून जाणारं सगळं आधी डब्यात पडतं, मग थाळीतून पलीकडे जातं. येणारंही तसंच. कोण कोणाला काय लिहितं ते मी उघडत नाही, हे इथे ठासून लिहितो. पोस्टमनसारखं पाकिटावरचं घर बघतो आणि पाकिटाची जाडी बघतो. बस.

त्याच कंपनीत माझी मुलगी गेल्या वर्षी नोकरीला लागली. जिने तिच्या बापाला 'परवडत नाही' लिहिलं, तिच्यात. मी एवढंच म्हणालो की आता तुला जे बोलायचं ते त्यांच्या तारांवरून बोल, माझ्या डब्यातून नको. मुलगी माझीच. तिने "बरं" म्हटलं आणि शब्द पाळला. वर्ष होत आलं, डब्यात तिच्या नावाचं एक पाकीट नाही. मी वाट बघतो असं नाही. डबा रोज बघावाच लागतो.

बायको दर रविवारी तिच्या थोरल्या बहिणीकडे जाते, इथेच, पलीकडच्या रांगेत. शिवण शिकते म्हणे. वर्षभरात एक पिशवी शिवून झालेली नाही, पण येते ती गुणगुणत. आजही आली. एकेकाला कसला नाद असेल सांगता येत नाही.

७ फेब्रुवारी

सापडला.

सकाळी गच्चीवर थाळीपाशी उभा होतो. हातातल्या यंत्रावर सिग्नलचा आकडा ठणठणीत. तेवढ्यात खालून पंपाची घरघर सुरू झाली आणि आकडा उतरायला लागला. हळूहळू, जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. मान वर केली तर समोर, माझ्या आणि टॉवरच्या बरोबर मध्ये, साडूच्या गच्चीवर उंच लोखंडी घोड्यावर बसवलेली नवी काळी टाकी. प्लास्टिकची. वर पांढऱ्या अक्षरांत साडूच्या दुकानाचं नाव. साडू टाक्या आणि पंप विकतो. घराचीही त्याने जाहिरात केली आहे.

रिकाम्या प्लास्टिकमधून लहरी आरपार जातात. पाण्यातून जात नाहीत, पाणी त्या पिऊन टाकतं. सकाळी टाकी भरली की आमचं इंटरनेट बंद. दुपारपर्यंत साडूच्या घरच्या आंघोळी, धुणं, भांडी झाली, टाकी उतरली, की चालू; संध्याकाळी पुन्हा भरली, की पुन्हा बंद. म्हणजे अख्ख्या वसाहतीचं जगाशी असलेलं नातं माझ्या साडूच्या आंघोळीवर अवलंबून आहे. आणि तो रोज करत असेलच याची खात्री नाही.

साडू मला पहिल्यापासून पाण्यात पाहतो. आता अख्ख्या वसाहतीला पाण्यातून पाहायला लावतोय.

८ फेब्रुवारी

गेलो. साडू ओसरीवर पंप उघडून बसला होता, हात ग्रीसने काळे. त्याचा गुडघा दुखतो, म्हणून तो पाय कायम लांब सोडून बसतो, जाणाऱ्या-येणाऱ्याने ओलांडावा असा.

"साडूभाऊ, तुमच्या टाकीत माझं इंटरनेट बुडालंय."

"काढून घ्या की. झाकण उघडंच असतं."

मी त्याला लहरी समजावल्या. त्याने शांतपणे ऐकलं. त्याचं ऐकणंही अपमानास्पद असतं.

"म्हणजे पाणी भरू नको म्हणता?"

"टाकी बाजूला घ्या म्हणतो."

"बाजूला स्लॅब वजन धरत नाही. इथेच धरते. तुम्ही थाळी हलवा." मग पान्ह्याने वर दाखवत म्हणाला, "माझ्या घोड्यावर लावा. वसाहतीत त्याहून उंच काही नाही. वेल्डर माझाच आहे."

माझी थाळी. त्याच्या टाकीच्या कडेवर. खाली त्याच्या दुकानाचं नाव.

"त्यापेक्षा मी कबुतरं पाळीन."

"पाळा. टाकीवर बसू देऊ नका म्हणजे झालं."

मेव्हणी दारात उभी होती. म्हणाली, "अहो, भाऊजी म्हणतायत तर बघा ना काहीतरी. रविवारचं तरी नीट..." साडूने तिच्याकडे बघितलं आणि ती चहा टाकायला आत गेली. रविवारी यांचं काय असतं कोण जाणे. डब्यात मात्र दर रविवारी या घरासाठी एक जाडजूड पाकीट येतं, तेवढंच एक तिकडे जातं. सिनेमे असणार. या वयात.

११ फेब्रुवारी

समितीची बैठक. मी नकाशा काढून नेला होता: थाळी, टाकी, टॉवर, मधली रेघ. मुख्याध्यापकांनी तो उलटा धरून पाहिला.

"प्रश्न सोपा आहे," ते म्हणाले. "माणसाला आधी पाणी लागतं की इंटरनेट?"

"प्रश्न तो नाहीच."

"प्रश्न कोणता ते अध्यक्ष ठरवतात. शिवाय एखादी गोष्ट जन्माला आल्यावर तिला नावं ठेवण्यात अर्थ नसतो." पूर्णविराम इथेही ऐकू आला.

ठराव झाला: टाकी राहील, दिवसातून जेवढा वेळ वाट मोकळी असते तेवढ्यात मी भागवावं. साडूने टाळी वाजवली नाही. नुसता पाय लांब सोडला.

१३ फेब्रुवारी

ठीक आहे. भागवतो.

वाट अरुंद आणि वेळ थोडा, म्हणजे रांग लावणं आलं. डब्यात तीन रांगा केल्या. पहिलीचं नाव 'आत्ता': आजारपण, अडचण, परीक्षा. दुसरी 'मग': धंदा, नोकरी, कार्यालयाची कामं. तिसरी 'जमल्यास': बाकी सगळं. वाट उघडली की आधी आत्ता जाणार, ते संपलं की मग, आणि वेळ उरलाच तर जमल्यास. डब्याचं पोट लहान, म्हणून जमल्यासमधलं पाकीट दुसऱ्या दिवसापर्यंत पडून राहिलं की शिळं समजून टाकून द्यायचं. समितीने कौतुक केलं. नावं फार समर्पक आहेत म्हणाले. असणारच. 'जमल्यास' हा आपल्या भाषेतला सर्वांत सभ्य नकार आहे. आमंत्रणाला माणूस 'जमल्यास येतो' म्हणाला की यजमान त्याचं ताट मांडत नाही.

'आत्ता'च्या यादीत सगळ्यात वर, आजाऱ्यांच्याही वर, मी एक पत्ता घातलाय. कोणाचा ते लिहीत नाही. तांत्रिक चाचणी.

जेवताना बायकोने मध्येच विचारलं, "समजा, ती म्हणाली चार दिवस घरी येते, तर?"

"कोण ती?"

"असं करू नका."

"दार उघडंच असतं," मी म्हणालो. "मी काही कुलपं घालत नाही."

तिने न मागता भात वाढला. बायकांना कल्पनेतल्या गोष्टींचा किती आनंद होतो.

१५ फेब्रुवारी

साडूचं घर 'जमल्यास'मध्ये टाकलं. धंद्याच्या चिठ्ठ्यांसकट, सगळंच.

पाकीट टाकून दिल्यावर पाठवणाऱ्याला तसं कळवण्याची सोय डब्यात करता येते. चार ओळींचं काम. केलं नाही. मुद्दाम. त्याच्या फोनवर 'गेलं' अशी खूण उमटेल, तो निर्धास्त बसेल आणि पलीकडे काही पोचलेलं नसेल. नाक दाबलं की तोंड उघडतं, पण आपण नाक कोण दाबतंय हे त्याला दिसू नये, यात खरी कला.

आज शांत झोप लागेल.

१६ फेब्रुवारी

बायको आज, गुरुवारी, बहिणीकडे जाऊन आली. शिवण आता आठवड्यातून दोनदा? येताना गुणगुणत होती. पलंगपोस बदलले. मागच्या खोलीतल्या, म्हणजे रिकाम्या खोलीतल्या, खिडक्या पुसल्या.

साडूच्या घरून एक जाड पाकीट निघालं होतं. जमल्यासमध्ये अलगद येऊन बसलं.

१७ फेब्रुवारी

शिळं झालं. टाकलं.

१९ फेब्रुवारी, रविवार

आज बाहेरून साडूच्या घरचं जाड पाकीट आलं. टॉवरवरून उड्या मारत आलं बिचारं, आणि माझ्या जिन्याखाली बसलं. मी त्याच्याकडे बघत चहा प्यायलो. आयुष्यात थोडेच चहा इतके गोड लागले.

बायको लवकर परतली. म्हणाली, आज शिवण नव्हतं.

२२ फेब्रुवारी

इतक्या वर्षांत पहिल्यांदा बायकोने माझ्या कामात रस घेतला. भाजी निवडता निवडता म्हणाली, "ते तुमचं जमल्यास म्हणजे नक्की केव्हा हो?"

मी सविस्तर सांगितलं. वाट, वेळ, रांग, पोट. कागदावर काढून दाखवलं.

"आणि शिळं झालं की फेकतो म्हणजे कुठे फेकतो?"

"कुठे म्हणजे? नाहीसं होतं."

"परत मिळत नाही?"

"अगं, पुसलेली पाटी वाचता येते का?"

तिने कागदाची घडी घातली. "आणि कोणाला कुठल्या रांगेत घालायचं, ते तुम्हीच ठरवता?"

"मीच."

"साधारण कोण असतं जमल्यासमध्ये?"

"ज्यांच्यावाचून जगाचं काही अडत नाही असे."

तिने निवडलेली भाजी आणि देठं एकाच टोपलीत टाकली आणि परत वेगळी करत बसली. आज भाजीत मीठ नव्हतं. विषय कठीण आहे, पहिल्या दिवशी डोक्यावरून जायचाच.

२६ फेब्रुवारी, रविवार

साडूचं डोकं फिरलंय. भल्या सकाळी पंप लावून टाकी भरायच्या ऐवजी त्याने खालची तोटी उघडली आणि टाकीतलं रात्रीचं उरलेलं पाणीही गच्चीवर सोडून दिलं. पाणी पन्हाळ्यातून धो धो रस्त्यावर. आणि हा गच्चीवर उभा, दुखरा पाय कठड्यावर ठेवून, टॉवरकडे बघत. पाणी सांडून कोणी कोणाला शह देतं का?

टाकी रिकामी असल्याने सकाळीही वाट मोकळी राहिली, हे खरं. पण वसाहतीला ते कळलं आणि घरोघरून फुलांचे, सूर्योदयाचे, सुविचारांचे फोटो सुटले. त्यातला निम्मा ऐवज लोकांनी धंद्याच्या नावाखाली 'मग'मध्ये घुसवलेला. जमल्यासची पाळी आलीच नाही. साडूचं रविवारचं पाकीट पुन्हा पडून.

पाण्याच्या नासाडीबद्दल समितीकडे लेखी तक्रार केली. मुख्याध्यापकांनी साडूला समज दिली. पाणी माणसाला आधी लागतं, हे त्यांचंच वाक्य मी त्यांना ऐकवलं होतं.

आज मीच गुणगुणत होतो. बायको म्हणाली, "गप्प बसा हो."

१ मार्च

साडू दारात आला. आमच्या दारात तो नातलगांच्या लग्नाची आमंत्रणं सोडून कधी येत नाही. चार पायऱ्या चढायलाही त्याला कठडा धरावा लागला.

"एक काम होतं."

"बोला की."

"रविवारचं एक पाकीट असतं आमच्याकडे. दोनदा आलं नाही. आम्ही पाठवलेलं पोचलं का, तेही कळत नाही. तेवढं बघाल का?"

"महत्त्वाचं आहे?"

तो माझ्या खांद्यावरून आत बघत होता. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

"आहे."

"धंद्याचं?"

"नाही."

"मग कशाचं?"

"ते सांगायची मला परवानगी नाही."

हा शब्द मी पंधरा दिवस जिभेखाली ठेवला होता, खडीसाखरेसारखा. आता बाहेर काढला.

"जमल्यास," मी म्हणालो.

भांडेल असं वाटलं होतं. निदान लहरींवरून काही तरी टोमणा. त्याने नुसतं "बरं" म्हटलं आणि कठडा धरून उतरला. जाताना माझ्याकडे बघितलं ते रागाने नव्हे. माणूस पंक्चर झालेल्या दुसऱ्याच्या गाडीकडे बघतो तसं. हरलेला माणूस कसाही बघतो.

बायको जेवली नाही. पोट ठीक नाही म्हणाली.

५ मार्च, रविवार

साडू सकाळी स्कूटर काढून पुलाकडे गेला. तिथे सिग्नल असतो. म्हणजे माझ्या डब्यापुढे हात टेकले. खाणीच्या उतारावरून, त्या गुडघ्याने, एका पाकिटासाठी. मी गच्चीवरून पूर्ण उतार संपेपर्यंत बघितलं. जिंकलो म्हणायला हरकत नाही.

येताना त्याच उतारावर स्कूटर घसरली. पायाला प्लास्टर घातलंय, गुडघ्याचाच पाय. स्कूटरला फारसं काही झालं नाही. मी काही देवाकडे एवढं मागितलं नव्हतं. मागितलं असतं तरी त्याने ते 'जमल्यास'मध्ये टाकलं असतं, अशी माझी समजूत होती.

बायको तिकडेच आहे. अजून आली नाही.

६ मार्च

काल बायको आली, दिवा न लावता बसली आणि म्हणाली, "तुमच्या डब्याने माझी मुलगी फेकून दिली."

मी म्हणालो, काय बोलतेस.

मग तिने सांगितलं. तिने सांगितलं तसं लिहितो, माझी भर न घालता, कारण आज माझ्याकडे भर नाही.

दर रविवारी मुलगी आवाज भरून पाठवते. माझ्या डब्यात तिचं नाव दिसू नये म्हणून मावशीच्या घरच्या पत्त्यावर. बायको तिथे जाऊन ऐकते, आपलं उत्तर भरते, साडू ते पाठवतो. वर्षभर. यालाच शिवण म्हणतात. बारा फेब्रुवारीच्या आवाजात मुलगी म्हणाली की कंपनी तिला दोन वर्षांसाठी एका बेटावर पाठवतेय, समुद्राखालची केबल जिथे वर येते तिथलं ठाणं सांभाळायला. निघण्याआधी चार दिवस मोकळे आहेत. घरी येऊ का? बाबांना विचार.

बायकोने विचारलं. मी दार उघडं असतं म्हणालो. गुरुवारी जाऊन तिने तसं कळवलं. फोनवर 'गेलं' अशी खूण उमटली. ती खूण बघून तिने मागच्या खोलीच्या खिडक्या पुसल्या.

काल पुलावर साडूच्या फोनवर मुलीची चिठ्ठी आली: उत्तर नाही त्याचा अर्थ कळला, शनिवारी निघते. साडूने तिथूनच लिहिलं की आईने कधीच हो कळवलंय, डब्यात अडकलं. तिने लिहिलं, काका, तुम्ही मध्ये पडू नका. बाबांचं मला बाबांकडून हवं. साडू घाईने परत यायला निघाला आणि पडला.

"त्यांनी त्या दिवशी दारातच का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"मी शपथ घातली होती. तुम्हाला कळलं तर तेही बंद कराल म्हणून." मग म्हणाली, "मी उगाच घाबरले. तुम्ही न कळताच केलंत."

ते चार दिवस आजपासून होते. आता तिकडे बांधाबांधीत जाणार.

जिन्याखाली जाऊन डबा बघितला. 'आत्ता'च्या रांगेत सगळ्यात वरचा पत्ता तसाच आहे. रिकामा.

७ मार्च

सकाळी टाकी भरलेली, वाट बंद. पुलाकडे जाणारी बस दुपारची. साडूकडे गेलो. तो खाटेवर, पांढरा पाय उशीवर, पुन्हा जाणाऱ्या-येणाऱ्याने ओलांडावा असाच.

"चावी न्यायला आलात?"

"हो."

"मग नीट मागा. जमल्यास द्या, म्हणा."

मेव्हणी म्हणाली, "अहो, काय हे."

"नाही, म्हणू दे त्यांना. शब्द त्यांचाच आहे."

म्हणालो. त्याने उशीखालून चावी काढून दिली. आधीच काढून ठेवली होती.

पुलावर वारा होता आणि मालवाहू गाड्या. प्रत्येक गाडीबरोबर पूल हलायचा आणि सिग्नलही हलतोय असं वाटायचं. फोन लावला. तिने उचलला नाही. मग लिहायला घेतलं. पहिलं वाक्य चांगलं जमलं होतं, जरा धारदार. खोडलं. दुसरं पहिल्याहून चांगलं होतं. तेही खोडलं. शेवटी "ये" एवढंच पाठवलं. ते चक्र फिरायला लागलं. मी जन्मभर चक्रं फिरताना पाहिली आहेत, खात्यात तर त्याचा पगार घेतला. असं कधी पाहिलं नव्हतं.

गेलं. उत्तर आलं: "कोण?"

माझा नंबर तिने पुसून टाकला होता. व्यवस्थित काम करते.

लिहिलं, "ज्याला वर्षभर फोन करणं परवडलं नाही तो."

दोन गाड्या गेल्या. मग: "आता घरी येणं जमत नाही. शनिवारी बंदराची बस हायवेच्या थांब्यावर दुपारी थांबते, चहापुरती. आईला आणा. भांडायला वेळ कमी आहे, तयारी करून या."

११ मार्च

बस आली. उतरली. केस कापलेत. पाठीवरची पिशवी तिच्याहून मोठी.

आई तिला मिठी मारून बोलत राहिली. लोकांचा चहा संपत आला तरी या दोघींचं वर्ष संपेना. मी पिशवी धरून उभा. शेवटी ती माझ्याकडे वळली.

"टाकी कशी आहे काकांची?"

"भरलेली."

"आणि काका?"

"तेही."

हसली नाही, पण हसू कुठे लपवलं ते मला दिसलं. मी विचारलं, "बेटावर लाइन कशी?"

"केबल चालू होईपर्यंत उपग्रहाचा एक पातळ धागा. ढग आले की बंद. तिथेही रांगाच लावायच्यात, बाबा."

"जागा भरली की टाकावं लागतं," मी म्हणालो. "कोणीही असो. नाइलाज असतो."

"टाकावं लागतं. मला माहितीय. पण ज्याचं टाकलं त्याला सांगायचं, की तुमचं पोचलं नाही. त्याला दुसरी वाट शोधता येते. आई चालत आली असती." मग जरा थांबून, "चार ओळींचं काम असतं ते. तुम्हीच शिकवलंय मला."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी एकही उत्तर तयार करून आणलं नव्हतं असं नाही. चांगली तीन होती. तिने माझ्या हातातून पिशवी घेतली आणि जाताना म्हणाली, "रविवारी पाठवीन. कुठल्या पत्त्यावर?"

"दोन्ही," बायको म्हणाली. "एकावर विसंबू नको."

बस गेली. बायको माझ्याशी घरापर्यंत बोलली नाही. अजूनही मोजकंच बोलते. हे काही माझ्या कुठल्या रांगेत लावून सुटणारं नाही.

१२ मार्च, रविवार

सकाळी त्या चार ओळी लिहिल्या. आता पाकीट पडलं तर डबा पाठवणाऱ्याला कळवतो: तुमचं पोचलं नाही. पहिला निरोप लगेच मुख्याध्यापकांना गेला, नातीच्या एका फोटोबद्दल. ते माझ्याकडे बघायला घरी आले. आभार मानले नाहीत.

साडूचं घर 'मग'मध्ये आणलं. 'आत्ता'मध्ये नाही. टाकी अजून तिथेच उभी आहे आणि त्यावरचं नावही. वेल्डर मंगळवारी येतोय, थाळी त्या घोड्यावर चढवायला. साडूने निरोप पाठवला की कबुतरं आणू नका. मी निरोप पाठवला की वेल्डिंग मी स्वतः तपासणार आहे, त्याच्या माणसांवर माझा भरवसा नाही.

दुपारी पुलापलीकडच्या पंपावर जाऊन स्कूटरमध्ये पेट्रोल भरलं. घेतली तेव्हा काटा अर्ध्याच्या खाली होता, आता शेवटापर्यंत आहे. उतारावर पडताना लागलेला चिखल ओल्या फडक्याने पुसला, हँडलचा वाकलेला ब्रेक सरळ केला. साडू झोपला होता. स्कूटर त्याच्या जिन्याखाली लावली, चावी मेव्हणीच्या हातात दिली आणि तिने काही विचारायच्या आत निघालो.

आरसा तेवढा माझ्या उंचीला लावलेला आहे. तो तसाच ठेवला.